क्लच प्लेटची पाच नावं

गॅरेजच्या जुन्या संगणकात क्लच प्लेट किती नावांनी नांदते, हे एकदा मोजून पाहावं. एकदा ती सरळ इंग्रजी स्पेलिंगने असते. एकदा ‘सी’च्या जागी ‘के’ घालून असते. एकदा मधला ‘टी’ गळालेला असतो. चौथ्यांदा कुणी घाईत ‘सीएल पीएल’ एवढंच ठोकलेलं असतं. आणि पाचवी नोंद असते ‘बोलेरोवाली प्लेट’. साठ्याचा तक्ता उघडला की या पाच नावांपुढे आकडे दिसतात: तीन, शून्य, उणे दोन, एक, शून्य. उणे दोन प्लेटा कुठल्या फळीवर ठेवायच्या, ते मात्र संगणक सांगत नाही.

गोंदियातलं असं एक गॅरेज समजण्यापुरतं समोर ठेवू. चार मिस्त्री, दोन शिकाऊ पोरं, काउंटरवर हिशेब बघणारी बी.कॉम. झालेली मुलगी आणि कपाटात खोक्यांची उतरंड. उणे दोनचं कोडं तिथे सहज सुटतं. माल आला तेव्हा तो घाऊक दुकानदाराच्या बिलावरचं नाव बघून चढवला. विकताना शोधखिडकीत दुसरं नाव आधी सापडलं, म्हणून तिथून वजा केला. पाचही आकड्यांची बेरीज करा, दोन येते. फळीवरचे डबे मोजा, दोनच आहेत. संगणकाची बेरीज चुकलेली नाही. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं की या पाच प्लेटा म्हणजे एकच वस्तू आहे.

नवं सॉफ्टवेअर घ्यायचं बहुधा अशाच एखाद्या दिवशी ठरतं. पडद्यावर ‘आहे’ दिसलं म्हणून गाडी खोलली, गिअरबॉक्स खाली उतरवला आणि मग कळलं की प्लेट नाही. मग विक्रेता येतो. त्याच्या लॅपटॉपवर सगळं गुण्यागोविंदाने चालतं. गाडी आली की जॉब कार्ड उघडतं, सुटा भाग लागला की साठ्यातून वजा होतो, मजुरी जुळते, जीएसटीचं बिल निघतं, सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगची आठवण ग्राहकाच्या मोबाईलवर जाते. चालणारच. त्याच्या नमुन्याच्या गॅरेजात क्लच प्लेटला एकच नाव असतं.

मोठ्या वाहन कंपन्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरांना हा त्रास कमी होतो, कारण तिथे भागाचं नाव आणि क्रमांक कंपनीच ठरवते. काउंटरवरच्या माणसाला नवं नाव घालायची मुभाच नसते. स्वतंत्र गॅरेजाचं तसं नाही. तिथे सकाळी महिंद्राचा भाग, दुपारी टाटाचा, संध्याकाळी ट्रॅक्टरचा. एकाच गाडीला बसणारी तीन कंपन्यांची फिल्टरं आणि तिन्हींचे क्रमांक वेगळे. त्यात कंपन्या जुना क्रमांक बाद करून त्याच भागाला नवा देतात, तेही ध्यानात ठेवावं लागतं. ऑइल येतं २१० लिटरच्या पिंपात आणि जातं लिटरने. पिंप ‘एक नग’ म्हणून चढवलं आणि विक्री साडेतीन लिटरची झाली, की साठा पुन्हा उणे. वायर मीटरने, नटबोल्ट किलोने आणि वापर नगाने. एकक आधी ठरवलं नाही तर सॉफ्टवेअर कितीही महागडं असो, पहिल्याच आठवड्यात ते वेड्यासारखे आकडे दाखवू लागतं.

आता गाड्यांकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा राज्याच्या ईशान्य टोकाला आहे. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. त्यामुळे गोंदियाच्या गॅरेजात एमएच ३५ च्या शेजारी भंडाऱ्याची एमएच ३६, बालाघाटची एमपी ५० आणि राजनांदगावची सीजी ०८ उभी असते. शहराला धान आणि राईस मिलांमुळे ओळख, म्हणून कोंडा-तांदूळ वाहणारे ट्रक आहेत, मळणीयंत्राला जुंपलेले ट्रॅक्टर आहेत, देवरीकडून महामार्गावरून येणाऱ्या गाड्या आहेत. मालक मिस्त्रीशी हिंदीत बोलतो, गिऱ्हाईक पोवारी बोलीत सांगतं, बिल इंग्रजीत निघतं आणि उधारी मराठीत मागितली जाते. एका वस्तूची पाच नावं पडायला याहून सुपीक जमीन कुठली?

गाडीचा नंबर हे खरं तर गॅरेजातलं सर्वात भरवशाचं नाव. माणूस बदलतो, मोबाईल बदलतो, गाडीचा नंबर सहसा तोच राहतो. पण जुन्या संगणकात तोही तीन वेषांत सापडतो: मध्ये जागा सोडून, आडवी रेघ घालून आणि सलग. माणसाला तिन्ही सारखे दिसतात. यंत्राला ती तीन वेगळी वाहनं वाटतात, म्हणून त्याच ट्रॅक्टरचा ब्रेकचा इतिहास एका पानावर, इंजिनचा दुसऱ्यावर. नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याआधी सगळ्या जागा आणि रेघा काढून नंबर सलग करणं, हे काम जाणकार पोरगा अर्ध्या तासात करतो. त्या अर्ध्या तासात निम्मं ओझं उतरतं.

उरलेलं निम्मं मात्र हट्टी आहे. नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले, तर ते पकडायचे कसे? इथे जीएसटी क्रमांकाची गंमत पाहण्यासारखी आहे. तो १५ खुणांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे २७, मध्य प्रदेशचे २३, छत्तीसगडचे २२. पुढच्या दहा खुणा म्हणजे त्या माणसाचा पॅन. आणि अगदी शेवटची खूण ही आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेली असते. मधला एखादा आकडा चुकीचा टाकला की शेवटची खूण जुळत नाही आणि चांगलं सॉफ्टवेअर तिथल्या तिथे ओरडतं. गाडीच्या नंबराला असा पहारेकरी नाही. मोबाईल नंबरालाही नाही. गाडीच्या नंबराच्या मधल्या अक्षरांत इंग्रजी ‘आय’ आणि ‘ओ’ वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. परिवहन खात्याने केलेली सोय तेवढीच. म्हणून मिस्त्रीने पाटीचा फोटो काढावा आणि जॉब कार्डला जोडावा, हा साधा उपाय मला कुठल्याही हुशार यंत्रणेपेक्षा जास्त पटतो.

माणसांच्या नावांची कथा याहून रंगतदार. गोंदिया-बालाघाट पट्ट्यात रहांगडाले हे आडनाव गल्लोगल्ली आहे. ते इंग्रजीत लिहायला दहा जणांना सांगा. कुणी मधला ‘ए’ घालील, कुणी गाळील, कुणी शेवटी ‘ई’ऐवजी ‘वाय’ करील. चौधरी, टेंभरे, कटरे, हरिणखेडे, सगळ्यांचं तेच. शिवाय एकाच गावात एकाच नावाचे दोघे असतात, त्यांना गाव ‘टोलीवाला’ आणि ‘शाळेजवळचा’ म्हणून ओळखतं. संगणकात टोली नसते. मग एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर जाते आणि काउंटरवर आवाज चढतात. यावर तोडगा म्हणजे नावाला फार मान न देता मोबाईल नंबर आणि गाडीचा नंबर ही जोडी खरी धरायची, आणि ‘टोलीवाला’ शेऱ्याच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहून ठेवायचं. ती माहितीही खरीच आहे.

काही गॅरेजांनी पूर्वी हौसेने मराठीत नोंदी केल्या, त्यांची पंचाईत वेगळी. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी आपल्याकडे मराठी म्हणजे एक विशिष्ट फॉन्ट असे. पडद्यावर ‘ग’ दिसे, पण आत साठवलेलं असे एखादं रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की गावाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरं आणि अर्धविराम यांची खिचडी दिसते. ती माहिती मेलेली नसते. फॉन्टचं नाव ठाऊक असेल तर रूपांतर करणारी साधनं मिळतात. जुना संगणक भंगारात घालण्याआधी फॉन्टचं नाव एका कागदावर लिहून ठेवायचं, एवढंच.

आणि एक सापळा सगळ्यांसाठी आहे, तो म्हणजे एक्सेल. जुन्यातून नव्यात माहिती जाते ती बहुधा एक्सेलच्या पुलावरून, आणि हा पूल वाटेत सामान बदलतो. भाग क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गिळतो. मध्ये आडवी रेघ असलेला छोटा क्रमांक त्याला तारीख वाटते. बारा आकडी क्रमांक दिसला की त्याचं घातांकात रूप करून टाकतो. आपल्याच नशिबी हे आलं असं वाटायला नको. जनुकशास्त्रज्ञांच्या तक्त्यांत काही जनुकांची नावं मार्च आणि सप्टेंबर यांच्या इंग्रजी लघुरूपांसारखी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं आणि प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही त्या चुका शिरायच्या. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हार पत्करून जनुकांचीच नावं बदलली. गॅरेजवाल्याला एवढं करायची गरज नाही. फाईल उघडण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवला की काम भागतं.

हे सगळं साफ करून झालं, तरी ते बरोबर आहे हे कुणी म्हणायचं? मला इथे सातबारा आठवतो. महाराष्ट्रात हाताने लिहिलेले सातबारे संगणकात चढवले तेव्हा नावं, क्षेत्रं, वारस यांत असंख्य चुका शिरल्या होत्या. त्या कार्यालयात बसून सापडण्यासारख्या नव्हत्याच, कारण चूक ओळखणारा माणूस शेतात होता. म्हणून २०१७ साली गावोगावी चावडी वाचन झालं. तलाठ्याने उतारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने उठून सांगायचं, माझं नाव चुकलंय. पुढच्या वर्षी, १ मे २०१८ पासून, डिजिटल सहीचा सातबारा लोकांच्या हातात पडू लागला. आधी वाचन, मग सही. हा क्रम गॅरेजातही तसाच राबवता येतो. ज्यांच्याकडे उधारी आहे अशा प्रत्येकाला नव्या वहीत चढवण्याआधी एकदा फोन करायचा: तुमच्याकडे इतके दिसतात, बरोबर ना? दहातला एखादा भांडेल. पण तो आज भांडेल, दिवाळीत नाही. आणि साठ्याचं चावडी वाचन म्हणजे एका सुटीच्या दिवशी शटर अर्धं ओढून, मिस्त्रीला स्टुलावर चढवून, एकेक डबा हातात घेऊन त्याने मोठ्याने बोलायचं आणि खाली मुलीने लिहायचं. मिस्त्री बोलतो ते नाव आणि डब्यावर छापलेला क्रमांक, दोन्ही. छापलेला क्रमांक हे खरं नाव, मिस्त्रीचं नाव हे टोपणनाव. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये टोपणनावासाठी वेगळा रकाना असतो. विकत घेण्याआधी रंगीत आलेखांबद्दल विचारण्यापेक्षा या रकान्याबद्दल विचारावं.

बदल कधी करायचा, यावर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: आजच. त्याचा महिना संपत आलेला असतो. हर्शी या अमेरिकेतल्या चॉकलेट कंपनीचं उदाहरण मालकाने त्याच्यासमोर ठेवावं. त्यांची नवी संगणक यंत्रणा १९९९ च्या एप्रिलमध्ये सुरू व्हायची होती, ती रखडत जुलैत गेली. जुलैपासून तिकडे हॅलोविन आणि नाताळच्या ऑर्डरी येऊ लागतात. गोदामात माल होता, पण यंत्रणेला तो दिसेना, आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी कंपनीला वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत. माल फळीवर आणि पडद्यावर नाही. उणे दोन प्लेटांचंच हे थोरलं भावंड.

गोंदियाचा हॅलोविन म्हणजे धानाची कापणी. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत ट्रॅक्टर, मळणीयंत्रं, मिलांचे ट्रक, सगळे एकदम दारात येतात आणि प्रत्येकाला गाडी काल हवी असते. ‘भाऊ, गाडी होऊन राहिली का?’ हा प्रश्न त्या दिवसांत तासाला वीसदा ऐकू येतो. त्या वेळी पडद्यावर बटण कुठे आहे ते शोधत बसणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत नवी चूल मांडणं. सोयीचा दिवस १ एप्रिल. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलांचे क्रमांक ओळीने, १६ खुणांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षापुरते एकमेव असावे लागतात. नव्या वर्षात नवी मालिका सुरू केली की जुनी आणि नवी बिलं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. मार्चचा पंधरवडा दोन्ही यंत्रणा शेजारीशेजारी चालवाव्यात, त्याहून जास्त नाही. दोनदा लिहायचा कंटाळा येतो आणि माणूस सवयीच्या जुन्याकडेच सरकतो.

नव्या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग दिसला तो २२ सप्टेंबर २०२५ ला. त्या दिवसापासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ होता. ट्रॅक्टरचे टायर आणि काही ठरावीक भाग तर १८ वरून ५ वर आले. म्हणजे एकाच कपाटातल्या एका खणाचा दर वेगळा आणि शेजारच्याचा वेगळा. ज्यांच्याकडे प्रत्येक भागाला त्याचा एचएसएन, म्हणजे करासाठीच्या वर्गाचा, क्रमांक नीट जोडलेला होता, त्यांनी आदल्या रात्री दर एकदा बदलला आणि झोपले. ज्यांच्याकडे ‘बोलेरोवाली प्लेट’ होती, त्यांना एकेक नोंद उघडून बसावं लागलं असणार. बिलात भाग आणि मजुरी वेगळी दाखवली तर दोन्हींवर आपापल्या दराने कर लागतो, हा खुलासा जून २०१८ मध्येच झाला होता. आता दोन्हीकडे बहुतेक १८ च असल्याने वाद कमी झाले आहेत, पण ट्रॅक्टरवाल्याच्या बिलात ते वेगळं दाखवणं अजूनही त्याच्या खिशाला महत्त्वाचं आहे.

मिस्त्रींबद्दल दोन शब्द. सॉफ्टवेअर विकणारे म्हणतात, प्रत्येक मिस्त्रीच्या हातात मोबाईल असतो, त्याने काम झालं की स्वतः नोंद करावी. हे म्हणणाऱ्याने कधी ग्रीसने माखलेल्या बोटाने पडदा सरकवून पाहिलेला नसावा. मिस्त्री बोलून सांगतो, किंवा बोलतही नाही. पुढचं चाक हाताने फिरवतो, कान देतो आणि म्हणतो, ‘बेरिंग गेली.’ हे ‘गेली’ जॉब कार्डवर कुणीतरी दुसऱ्याने लिहायचं असतं. त्यासाठी दिवसातून चार वेळा काउंटरवरून उठून रॅम्पपर्यंत जाणारा माणूस लागतो. सॉफ्टवेअरच्या किमतीत हा माणूस धरलेला नसतो, आणि माझ्या मते बदल फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

जुन्या यंत्रणेचं काय करायचं? सगळी जुनी बिलं नव्यात ओतायचा मोह टाळावा. उघडी जॉब कार्डं, उधारी, मोजलेला साठा आणि गाड्यांचा मागच्या दोनेक वर्षांचा इतिहास, एवढं पुरे. बाकीचं जुन्यातच राहू द्यावं, पण उघडता येईल असं. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२५-२६ ची मुदत ३१ डिसेंबर २०२६ धरली तर त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत. तोवर तो जुना संगणक सुरू होईल याची खात्री कोण देणार? विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. म्हणून जुनी बिलं पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवावीत, एक प्रत घरी. नव्या विक्रेत्यालाही हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा: उद्या मी भाडं भरणं थांबवलं, तर माझी माहिती मला कोणत्या स्वरूपात परत मिळेल? तो गप्प झाला, तर चहा पाजून निरोप द्यावा.

एप्रिलचा पहिला आठवडा. आपल्या त्या गॅरेजात क्लच प्लेटला आता एकच नाव आहे, पुढे दोन हा आकडा आहे आणि फळीवर दोन डबे आहेत. आता उधारी चढवायची. मुलगी पहिलं खातं उघडते. नाव, गाव, गाडी, रक्कम. पुढचा रकाना: देय तारीख. ती वही बघते. वहीत मालकाच्या अक्षरात लिहिलंय, ‘धानावर’. गोंदियात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. खरेदी केंद्रावर धान गेलं, चुकारे खात्यात जमा झाले, की पैसे. ते कधी जमा होतील, हे केंद्रालाही नीट ठाऊक नसतं. पण तारीख टाकल्याशिवाय खातं जतन होत नाही. ती पुण्याला, सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावते.

‘मॅडम, तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस, यातलं काहीही निवडा.’

‘धान निघाल्यावर, असं नाही का?’

पलीकडे जरा शांतता. ‘तसा ऑप्शन नाहीये, मॅडम.’

ती विचार करते आणि उन्हाळी धानाचा अंदाज घेऊन सगळ्या बावीस खात्यांना ३० जून टाकते. शेऱ्यात लिहिते, ‘धान’. जुलैच्या एका सकाळी मालक चहाचा कप घेऊन काउंटरवर येतो आणि पडदा स्वतःकडे वळवतो. बावीसही नावं लाल झालेली.

‘हे सारे लाल कायले दिसून राहिले?’ तो म्हणतो. ‘यायचे चुकारे कुठं झाले अजून?’